आणा गेला, वेठ गेली

सोमवार, १ एप्रिल १९५७. त्या सकाळी देशभरातल्या वाण्यांच्या गल्ल्यापाशी एकच हिशेब घोळत होता, आणि डहाणू रोड स्टेशनाबाहेरचा बाजार काही निराळा नव्हता. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया त्या दिवसापासून शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सहा नवे पैसे धरायचे ठरले. पण सोळा सक शहाण्णव. मग वरचे चार गेले कुठे? चार आण्याचा जिन्नस एकदम घेतला तर पंचवीस मोजायचे, आणि आण्या-आण्यानं चारदा घेतला तर चोवीस. एवढी फट शाळकरी पोरांना पुरे होते. गोळ्या-बिस्किटं चार खेपांत आणून वाचवलेला एक नवा पैसा ही त्या पिढीची पहिली कमाई.

त्याच तारखेला आणखी एक गोष्ट झाली. तिचा खणखणाट कुठल्याही गल्ल्यात उमटला नाही. मुंबई राज्याच्या कूळकायद्यात हा दिवस ‘कृषक दिन’ म्हणून मुक्रर केलेला होता. दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी तिचं मालक. किंमत ठरायची होती, हप्ते फेडायचे होते, मामलेदार कचेरीचे हेलपाटे आणि कोर्टाच्या तारखा पुढे कित्येक वर्षं चालायच्या होत्या. तरी तारीख ती.

डहाणूच्या बाजारपेठेत वाढलेल्या, आता ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांपाशी जुन्या दिवसांचा विषय काढला की आणे-पैसे निघतात, शेर-पायली निघते, कोळशाची गाडी निघते. तिथून पूर्वेला, तलासरीच्या पाड्यांवर तोच विषय काढला की वेठ निघते.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या साध्या, रोजच्या जगण्याबद्दल इंग्लंडमधल्या शहरी माणसांनी भरभरून लिहिलं आहे. घराघरांतून निघणारा कोळशाचा धूर, पहाटे दारात येणाऱ्या दुधाच्या बाटल्या, रेशनची पुस्तकं. महायुद्ध संपून नऊ वर्षं उलटली तेव्हा, ४ जुलै १९५४ ला, तिथलं मांसावरचं रेशनिंग उठलं. त्याच वर्षी इकडे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना धान्यावरची नियंत्रणं सैल झाली. म्हणजे रांगेची आणि मोजून मिळणाऱ्या साखरेची आठवण मँचेस्टरच्या गल्लीतल्या माणसाला आणि डहाणूच्या माणसाला सारखीच असायला हरकत नाही. डहाणूचं वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. इथे काही माणसांना त्या काळातलं रोजचं जगणं हरवल्याची हुरहुर आहे, आणि काही माणसांना रोजचं जगणं म्हणावं असं काही त्याच काळात पहिल्यांदा मिळालं. या दोन आठवणींमध्ये अंतर आहे ते फार तर एका दिवसाच्या चालीचं.

गाव आणि स्टेशन ही डहाणूत दोन वेगळी ठिकाणं. खाडीच्या तोंडाशी जुनं डहाणू आणि त्याचा किल्ला. हा किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला तो १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत. १८६४ मध्ये मुंबई आणि सुरत रुळांनी जोडली गेली, तेव्हा रूळ गावापासून आतल्या अंगाला पडले आणि स्टेशनाभोवती दुसरं गाव जमत गेलं. त्याचं नाव स्टेशनाच्या पाटीवर होतं तेच, डहाणू रोड. जुन्या माणसांच्या तोंडी रेल्वे म्हणजे ‘बीबीसीआय’. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचं नाव ५ नोव्हेंबर १९५१ ला पश्चिम रेल्वे झालं, पण तोंडातलं नाव पुढे बरीच वर्षं तसंच राहिलं.

विजेची लोकल १९३६ पासून विरारपर्यंत यायची आणि तिथेच संपायची. त्यापुढे कोळशाचं इंजिन. मुंबईहून निघालेल्या मुलाला खिडकी हवी असायची, आणि खिडकी मिळाली की पालघर यायच्या आत डोळ्यात कोळशाचा कण जायचा. मग आई पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ घालायची आणि तो गरम बोळा डोळ्याला लावायची. कण निघो न निघो, डोळा थांबायचा. उतरल्यावर पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके आणि कानामागे काजळी. डहाणूच्या माणसाला मुंबईहून आलेला पाहुणा त्याच्या कानामागच्या रेघेवरून ओळखता यायचा.

स्टेशनाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर चार-पाच बोली कानावर पडायच्या. वाडवळांची आणि मांगेल्यांची मराठी, दुकानदारांची गुजराती, पारशी-इराण्यांची त्यांची म्हणून वेगळी गुजराती, आणि डोक्यावर मोळ्या घेऊन उतरलेल्या वारल्यांची बोली. इथलं मूल भाषा शिकत नसे, ती त्याच्या अंगाला लागत. मांगेलणींच्या टोपल्यांतून ओले बोंबील यायचे, आणि किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वारा फिरला की थेट बाजारात शिरायचा. दुकानात धान्य पायलीनं, तूप-साखर शेरानं. १९५८ पासून किलो यायला लागले आणि १९६२ पर्यंत सक्तीचे झाले. म्हाताऱ्या बायका त्यानंतरही दुकानदाराला किलोचा भाव विचारून मनात त्याचा शेर करत राहिल्या. रेडिओ मोजक्या घरांत. ज्याच्या घरी तो, त्याच्या ओटीवर बुधवारी रात्री आठला शेजार गोळा व्हायचा, कारण १९५२ च्या डिसेंबरपासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ लागत होती.

शिक्षणाचं नाव काढलं की सगळा तालुका बोर्डीकडे बोट दाखवायचा. तिथलं सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल १९२० सालचं, आणि तिथले आचार्य भिसे हे अख्ख्या ठाणे जिल्ह्याचे मास्तर. समुद्राच्या वाऱ्यात, सुरूच्या सावलीत शिकलेल्या मुलांच्या आठवणी ऐकताना माणसाला आपणही तिथेच का जन्मलो नाही असं वाटून जातं.

या सगळ्या आठवणी खऱ्या आहेत आणि गोडही आहेत. त्या आठवणींच्या मधोमध एक फळ आहे, चिकू.

चिकूचं झाड मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. तिकडे त्याच्या खोडाचा चीक काढून चघळायचा गोंद करत. आधुनिक च्युइंगमचा सुरुवातीचा कच्चा माल तोच. डहाणू-घोलवडच्या किनारपट्टीत त्याच्या वाड्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः इराणी आणि पारशी बागायतदारांच्या हातून. यझ्द आणि केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेल्या झरथुश्त्री इराण्यांपैकी काहींनी मुंबईत चहाची हॉटेलं काढली, काहींनी इथे येऊन जमीन धरली. ताडीच्या धंद्यात पैसा लावलेल्यांना १९५० च्या दारूबंदीनं दुसरीकडे पाहायला लावलं. चिकू तेव्हा तिथे होताच. आज घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, ते २०१६ चं.

चिकू झाडावर पिकू देत नाहीत. टणक असतानाच उतरवायचा, तोही अलगद, कारण खाली पडला की आतून डागतो. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते. देठ त्यात धरून हलकासा हिसका द्यायचा. देठातून पांढरा चीक निथळतो. तो बोटांवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि दुपारपर्यंत तोडणाऱ्याचे तळवे काळे होतात. साध्या पाण्यानं ते काळं जात नाही. मग फळं धुवायची, अंगावरची भुरकट पूड निघेपर्यंत चोळायची, लहान-मोठी निवडायची, सुकवायची आणि करंडीत पेंढा घालून थरानं भरायची.

ही करंडी जरा जवळून पाहण्यासारखी होती. हिरवा बांबू कोयत्यानं उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, पातळ करत जायचं. इतक्या पातळ की वाकतील पण तुटणार नाहीत. आधी तळ विणायचा, चटईसारखा. मग उरलेली टोकं वर वळवायची आणि त्यांच्यातून आडव्या कामट्या खाली-वर, खाली-वर फिरवत न्यायच्या. काठाशी येऊन शेवटचं टोक विणीतच दडवायचं, म्हणजे फळाला टोचत नाही. बांबूची कूस नखाखाली गेली की हात दिवसभर ठणकतो. भरलेल्या करंडीचं तोंड सुतळीनं शिवायचं, आणि ती पार्सलच्या डब्यातून मुंबईला किंवा त्याच्याही पुढे जायची. पोचल्यावर सुतळी कापली जायची, फळं काढली जायची आणि करंडी फेकली जायची.

डहाणूच्या पाहुण्यांच्या, सुटीत वाडीवर येणाऱ्या नातवंडांच्या आठवणीत ती करंडी आहे. तिचा ओलसर बांबूचा वास आहे, पेंढ्यात हात खुपसून पिकलेलं फळ शोधण्याची मजा आहे. विणणाऱ्याचा हात मात्र त्या आठवणीत बहुतेक वेळा नसतो.

तो हात पूर्वेकडच्या पाड्यांवरून यायचा.

मुंबई आणि तलासरी यांचं नातं चिकूआधी गवताचं होतं. पावसाळा सरला की डहाणू-उंबरगावच्या माळांवर गवत पिवळं पडायचं. वारली ते कापायचे. मग ते दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या आणि रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. गिरगावच्या चाळीत सकाळी चहात पडणाऱ्या दुधात या माळांचा वाटा होता. ते गवत कापण्याची मजुरी किती, हा प्रश्न १९४५ पर्यंत मुंबईत फारसा कुणाला पडला नव्हता, आणि इथे तो मोठ्यानं विचारायची कुणाची छाती नव्हती.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे झरीचा माह्या धांगडा आणि त्याचे सोबती पोचले. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागोमाग या भागात आले. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि ठरलं: वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे रतल गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्यात हजारो माणसं जमलेली असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड पडला. त्याच्यासह पाच जण गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७० सालच्या त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वेठ हा शब्द आता इतिहासाच्या पुस्तकात गेला आहे, म्हणून त्याचा अर्थ दिवसाच्या घड्याळात मांडून पाहिला पाहिजे. भाताचं रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की उपटून लावावं लागतं. उशीर झाला की त्याला फुटवे कमी येतात, लोंब्या कमी धरतात. आवणीचे दिवस मोजके. त्या दिवसांत वारल्याला आणि त्याच्या बायकोला आधी सावकाराच्या खाचरात उतरावं लागे, फुकट. ते संपल्यावर स्वतःच्या तुकड्याकडे वळायचं, तोवर रोप जून झालेलं. म्हणजे पीक कमी. म्हणजे होळीच्या आत कणगी रिकामी. म्हणजे खावटीसाठी पुन्हा त्याच दारात. खावटी घेतली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिली आवणी त्याची. हा फास कुठल्याही दोरीनं बांधलेला नव्हता, तो केवळ दिवसांच्या क्रमानं बांधलेला होता. १९४५ नंतर पाड्यावर जे बदललं ते असं: माणूस पहिल्या पावसात स्वतःच्या शेतात उतरला. बाई अंधार पडायच्या आत स्वतःच्या चुलीपाशी आली. मुलांनी उजेडात आईचं तोंड पाहिलं.

मजुरी वाढली ती एकदम नाही, जमीन मिळाली ती सगळ्यांना नाही. पण संध्याकाळ मिळाली.

लग्नगडी तर आणखी खोल. लग्नाच्या खर्चाला, देजाला कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं सावकाराकडे राबायचं. ते फिटायचं नाही. त्याच लग्नात झोपडीच्या भिंतीवर चौक लिहिला जायचा. कारवीच्या कुडाला शेण-माती, वर गेरूचा हात, आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. टोक कुटून मऊ केलेली काडी हाच कुंचला. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, मोर, तारपा या वाद्याभोवती वळणारी माणसं. चौक सुवासिनी लिहायच्या, लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणायच्या. ज्या भिंतीवर सुफलतेची देवी उतरायची, त्याच भिंतीआड एक जोडपं जन्मभराच्या कामाला बांधलं जात होतं. चौक पाहून हरखणाऱ्या माणसानं ही दुसरी गोष्टही ठाऊक करून घ्यायला हवी. त्यानं चित्र उणावत नाही, त्या बायकांच्या हाताचं बळ कळतं.

तलासरीतल्या धामणगावात जन्मलेला, पुढे गंजाडजवळ राहिलेला एक मुलगा त्या काळात धुळीत काडीनं रेषा ओढत होता. बोलण्यापेक्षा रेषा त्याला जवळची. बायकांची कला म्हणून ओळखली जाणारी ही रेष त्यानं हातात घेतली आणि लग्नाच्या चौकाबाहेर काढली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी पाड्यांवर चित्रं शोधत आले, तेव्हा जिव्या सोमा मशे यांचं नाव बाहेर कळलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या चित्रांत मासेमारीची जाळी आहेत, आवणी आहे, मुंग्यांच्या रांगा आहेत. म्हणजे रोजचं जगणंच आहे.

१९४५ हे साल या भागाला आणखी एका कारणासाठी आठवतं. झरीत सभा झाली त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीचं साहित्य महाग, परदेशी घडणीचं. बोर्डीत समुद्र होता, म्हणून मणी-ठोकळ्यांच्या जागी शिंपल्या आल्या. झाडं होती, म्हणून बिया आणि पानं आली. मुलं बालवाडीत येत नव्हती, मग बालवाडी वस्तीतल्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा देशभर हाच शब्द गेला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जो शब्द वापरला जातो त्याची माती डहाणू तालुक्यातली आहे.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर आलं. तिथे मुलांच्या शाळेआड गुरं आली. सात-आठ वर्षांचा मुलगा सकाळी दुसऱ्याची गुरं घेऊन रानात जायचा. त्यानं शाळेत बसायचं कधी? मग शिक्षिका त्याच्यामागे रानात गेली. कुरणशाळा. गुरं चरत आहेत, मुलगा दगडावर बसला आहे, हातात पाटी आहे, आणि अधूनमधून उठून तो भलतीकडे गेलेली गाय वळवून आणतो. नखं काढणं, केस विंचरणं, अंघोळ घालणं हा अभ्यासक्रमाचाच भाग. तेराव्या वर्षाच्या आसपास वैधव्य आलेल्या, शिकवता-शिकवता रात्रशाळेत स्वतः शिकलेल्या अनुताईंना वेळेची टंचाई म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. परुळेकरांची वाट आणि ताराबाई-अनुताईंची वाट निराळी होती. एकीनं माणसाला संध्याकाळ मिळवून दिली, दुसरीनं त्या संध्याकाळी मुलाच्या हातात पाटी दिली.

त्याच दशकात या भागाच्या सीमाही रोजच्या जगण्यातून आरपार गेल्या. तलासरीच्या शेजारी दादरा आणि नगर हवेली, पोर्तुगिजांच्या ताब्यातली. पाडे इकडे, सोयरीक तिकडे, मधे परक्या सत्तेची चौकी. १९५४ च्या जुलैत दादरा सुटलं आणि २ ऑगस्टला सिल्वासा; त्या लढ्यात राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके असे मराठी तरुण होते आणि वारलीही होते. दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत थांबलं. त्याआधी १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. उंबरगाव तालुक्यातली बहुतेक गावं गुजरातेत गेली, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. वारल्यांची एक बोली, एक देव, एक तारपा. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन राज्यांच्या पाट्या लागल्या. आजही तलासरीच्या बाजारात गुजराती हिशेब आणि मराठी सातबारा शेजारी-शेजारी नांदतात.

डहाणूच्या या दोन आठवणी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत असं नाही. कॅनडात राहणारे लेखक अनोश इराणी यांनी २०१० मध्ये ‘डहाणू रोड’ नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली, ती इराणी जमीनदार घराण्याच्या आणि वारल्यांच्या याच गुंत्यावर. वाडीवरच्या बालपणावर मनापासून प्रेम असलेला माणूस वाडीच्या कुंपणापलीकडे पाहू शकतो, पाहायला हवं, याचा तो दाखला आहे. ज्याला आपल्या आजोबांची करंडी आठवते त्यानं ती कुणी विणली हेही आठवावं, एवढीच ही मागणी. त्यानं आजोबांवरचं प्रेम कमी होत नाही; आठवण पुरी होते.

डहाणू आता पुष्कळ बदललं आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, म्हणून वाड्या आणि माळ बऱ्याच अंशी टिकले. त्यानंतर औष्णिक वीज केंद्राची चिमणीही उभी राहिली. २०१३ च्या एप्रिलपासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. वाढवणच्या बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध अजून शमलेला नाही. चिकू प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो. क्रेट परत येतो, म्हणून करंडीची गरज उरली नाही.

करंडी मात्र अजून दिसते, ती विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत. हनुमान जयंतीला, चैत्री पौर्णिमेला, सुरू होणारी ही जत्रा पंधरा दिवस चालते. मध्यरात्री पुजारी डोंगरावर जाऊन ध्वज लावतो आणि खाली हजारो माणसं वर पाहत उभी असतात. बंदरपट्टीतली, जंगलपट्टीतली, गुजरातेतली. दिवसा बाजार. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, मिरच्या, मडकी, बांगड्या, आणि एका कडेला झाडाखाली बांबूचं काम मांडून बसलेल्या बायका: सुपं, टोपल्या, करंड्या.

मुंबईत स्थायिक झालेला, लहानपणी डहाणूत वाढलेला एखादा आजोबा तिथे थबकतो. करंडी उचलतो, नाकाशी नेतो. तोच वास. मग तो ती उलटी करून तळ पाहतो आणि काठाशी बोट फिरवून विचारतो, “बाय, याचं टोक कुठं गेलं?” ती हसते, करंडी त्याच्या हातातून घेते, दोन कामट्या अंगठ्यानं जरा बाजूला करते आणि आत दडवलेलं टोक दाखवते. भाव ती सांगते. तो घासाघीस करत नाही. सुट्टे पैसे देऊन ती राहिलेल्या करंड्या एकात एक घालते, चुंबळ डोक्यावर ठेवते आणि उठते. चारची एसटी धरायची असते; दिवेलागणीच्या आत तिला घरी पोचायचं आहे.